बेलिफाचा निरोपसमारंभ

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी अमरावतीचे भूषण गवई भारताच्या सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद स्वीकारणार नाही, हे त्यांनी आधीच जाहीर केले होते. त्या निश्चयाची देशभर दखल घेतली गेली आणि ते योग्यच झाले. परंतु न्यायसंस्थेच्या पायथ्याशीही माणसे निवृत्त होत असतात. गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या तालुका न्यायालयात, महिन्याच्या अखेरच्या दिवशी, ५८ वर्षे पुरी केलेल्या बेलिफाला वा नाझराला निरोप दिला जातो. शाल, श्रीफळ, दोन-चार भाषणे आणि चहा. एवढ्यावर एका सार्वजनिक सेवेचा हिशेब मिटतो.

तो असा मिटता कामा नये. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील गोंडीभाषक शेतमजुराने न्यायाधीश बहुधा पाहिलेला नसतो. त्याच्या दारी न्यायसंस्था येते ती बेलिफाच्या रूपाने. समन्स शक्यतो प्रतिवादीच्या हाती द्यावे, शोध घेऊनही तो न भेटल्यास घराच्या दर्शनी भागी डकवावे आणि ते केव्हा व कसे बजावले याचा अहवाल लिहावा, असे १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. या दोन ओळींच्या अहवालावर कित्येकदा सारे शेत टांगलेले असते. गावात पाऊल न टाकता ‘इसम घरी मिळून आला नाही’ असे कोणी लिहिले, तर त्या इसमाविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो; आणि आपल्यावर दावा झाल्याचेही ज्याला ठाऊक नाही, त्याची धानाची बांधी लिलावाच्या वाटेला लागते.

जप्तीची वेळ तर याहून कठीण. त्याच संहितेचे कलम ६० ऋणकोचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते आणि त्याच्या उपजीविकेस लागणारी गुरे व बियाणे यांना जप्तीपासून संरक्षण देते. पण ज्याच्यासाठी हे कलम, त्याला ते माहीत नसते. दारात वॉरंट आलेले, धनको घाई करीत असलेला, घरातील बाया रडत असलेल्या. अशा वेळी कायद्याची ती दया प्रत्यक्षात उतरते की कागदावरच राहते, हे एका साध्या कर्मचाऱ्याच्या सचोटीवर ठरते. ही सचोटी तीस वर्षे ज्याने राखली, त्याने केवळ नोकरी केली असे कोण म्हणेल?

यावर आक्षेप येईल की कर्तव्य करण्याचा पगार मिळतोच, मग गौरव कशाला? आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. चिरीमिरीवाचून कागद हलत नाही, हा गरिबांचा कचेऱ्यांतील अनुभव कोणी नाकारू शकत नाही. प्रामाणिक माणसाला अपवाद म्हणून मखरात बसवण्यात त्याच्या खात्याचा अपमानच आहे. सत्कार करावयाचा तो हा प्रामाणिकपणा नियम व्हावा म्हणून.

आणि येथेच एक प्रश्न उभा राहतो. निरोप घेणारा बेलीफ आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवरील तरुण कर्मचारी एकच काम करतात. परंतु १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना राज्य शासनाने जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानाची योजना लागू केली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील लाखो कर्मचारी याच प्रश्नावर संपावर गेले, तेव्हा कोठे २०२४ साली अखेरच्या वेतनाच्या निम्म्याइतक्या निवृत्तिवेतनाची हमी देणारी सुधारित योजना शासनाने मान्य केली. म्हातारपणाची शाश्वती संघर्ष करून मिळवावी लागते, हे सत्य निरोपाच्या भाषणांत कोणी उच्चारीत नाही. मोहाला नकार देण्याचे बळ उपदेशाने येत नाही. उद्याची भाकर सुरक्षित असली म्हणजे ते येते.

कार्यकर्त्यांनी अशा समारंभांना जरूर जावे, टाळ्याही वाजवाव्यात. पण तेथे थांबू नये. रिकामी झालेली जागा किती दिवसांत भरली जाते, याचा पाठपुरावा करावा. विधी सेवा प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेवक योजनेत निवृत्त शासकीय कर्मचाऱ्यांनाही स्थान आहे. आयुष्यभर लोकांच्या दारी समन्स नेणाऱ्या माणसाने आता त्याच लोकांना त्यांचे हक्क सांगावेत, अशी विनंती त्याला करावी. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट आजही कित्येक पाड्यांवर पोहोचलेली नाही. ती त्याच्या तोंडून ऐकली तर लोक विश्वास ठेवतील.

शाल काही दिवसांनी पेटीत जाते. तीस वर्षांत वाट चालून मिळवलेला हा विश्वास मात्र पेटीत जाऊ देता कामा नये.