गाडीची किल्ली मागितली तर

मागच्या दिवाळीतली गोष्ट. चकलीची भाजणी गिरणीत दळायला टाकलेली होती आणि मला काही केल्या घराबाहेर निघता येत नव्हते. दीर-जाऊ मुलांना घेऊन आलेले, घर भरलेले. सासूबाई म्हणाल्या, "पोराले धाड ना वं, गाडीवर पाच मिनटात आणते तो." पोरगा म्हणजे माझा पुतण्या, वय वर्षे पंधरा. मी खुंटीवरची किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली. माझी लेक तेव्हा शेव पाडत बसली होती. तिने मान वर केली आणि एवढेच विचारले, "आई, त्याला पंधराव्या वर्षी चालते, मग मला अठरा पूर्ण होऊ दे असे का म्हणतेस?"

कामाच्या गडबडीत उत्तर द्यायला सवड मिळाली नाही, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. खरे म्हणजे माझ्याजवळ उत्तर नव्हतेच.

पुतण्या पाच मिनिटांत आला नाही. वीस मिनिटांनी गल्लीतली दोन माणसे त्याला धरून घेऊन आली. आमच्या देऊळघाटात त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला सोयाबीन नाहीतर मका वाळत घातलेला असतो. वळणावर त्या दाण्यांवरून चाक घसरले. हनुवटीला तीन टाके पडले. मागून ट्रॅक्टर येत नव्हता म्हणून तीन टाक्यांवर निभावले. भाजणी मातीत गेली ती गेली. जाऊ माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि त्यात तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. किल्ली मी दिली होती.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी काय चालते ते मला माहीत नाही, पण आमच्याकडे खेड्यापाड्यांत मुलाचे पाय जमिनीला टेकले की तो गाडी चालवायच्या वयाचा झाला असे धरतात. वडील कौतुकाने सांगतात, "आमचा सातवीपासून चालवतो." मुलीच्या बाबतीत मात्र एकदम कायदा आठवतो. माझ्या लेकीच्या प्रश्नाने मला टोचले ते नेमके इथेच. म्हणून सुट्टी संपल्यावर मी तो कायदा नीट समजून घेतला. थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणींना तो अर्धवटच ठाऊक असतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वयाची अट अठरा वर्षे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो हेही खरे, पण तो ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी, आणि तोही आईवडिलांच्या लेखी संमतीने. १९७२ साली लूना निघाली तशा हलक्या मोपेडची ही सवलत. आज घरोघरी दिसणारी अॅक्टिव्हा शंभर सीसीच्या पुढची आहे, तिला ती लागू नाही. "बिनगिअरची आहे, सोळाला चालते" असे कुणी सांगितले तर खुशाल नाही म्हणा. विजेच्या गाड्यांचेही तसेच. ताशी २५ किलोमीटरच्या आतली आणि २५० वॅटपर्यंतची असेल तरच तिला परवाना लागत नाही. तिच्याहून वेगाने पळणारी प्रत्येक गाडी कायद्याने मोटारगाडीच.

आणि आता पालकांचे. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. त्या मुलाला पुढे पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. "आम्हाला न विचारता नेली हो" हे म्हणणेही सहजासहजी चालत नाही. मुलाने गाडी नेली ती पालकांच्या संमतीनेच, असे न्यायालय धरून चालते. तसे नव्हते हे आपण सिद्ध करायचे. विम्याचेही पाहा. परवाना नसलेल्याने गाडी ठोकली तर आपल्या गाडीचे नुकसान विमा कंपनी भरून देत नाही, आणि समोरच्याला दिलेली भरपाई ती मालकाकडून वसूल करू शकते. मे २०२४ मध्ये पुण्याला कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप होता, आणि त्याच्या वडिलांनाही अटक झाली. ती बातमी वाचून आपण सगळ्याजणी हळहळलो होतो, आणि त्याच गाडीच्या किल्लीची जरा लहान बहीण आपल्याच खुंटीवर लटकलेली होती.

हे सारे मी रात्री जेवताना घरात वाचून दाखवले. ह्यांनी ऐकून घेतले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वक्ती असं काई नव्हतं." लेक मात्र माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आई, तुझे लायसन कुठे आहे?"

आता लपवून काय उपयोग? माझ्याजवळ लायसन नव्हते. सहा वर्षे मी गाडीवर शाळेत जात होते. ह्यांनी शेताच्या वाटेवर चार दिवस शिकवले, पाचव्या दिवशी मी एकटी निघाले, आणि "करू कधीतरी" म्हणता म्हणता सहा वर्षे गेली. मुलांना शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी मी! विनापरवाना गाडी चालवली तर ५,००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा लेकीच्या त्या एका प्रश्नाने मला जास्त लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत पायी जाऊ लागले. लेकीचा अठरावा वाढदिवस जानेवारीत होता, तोवर गाडी फक्त ह्यांनी चालवायची असे ठरले. सोपे गेले असे नाही हं. एस.टी. चुकली तर काळीपिवळी, काळीपिवळी भरलेली तर उभे राहायचे. लेकीचे बुलढाण्याचे क्लास दोनदा बुडाले. पण घरातले कुणी "तुझेच आडमुठेपण" म्हणाले तरी मी ऐकून घेत असे.

वाढदिवस झाल्यावर दोघींनी मिळून शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार क्रमांक देऊन ही परीक्षा घरबसल्या देता येते. पंधरा प्रश्न, त्यांतले नऊ तरी बरोबर यावे लागतात. अर्ज भरायला ज्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो तो म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, परीक्षा मी देऊन टाकतो. दोघींची दहा मिनिटांत." सांगायला हरकत नाही, मला क्षणभर मोह झाला. समोर लेक नसती तर काय केले असते कुणास ठाऊक. आम्ही अर्ज तेवढा भरून घेतला आणि परीक्षा घरी बसून स्वतःच दिली. त्याआधी आठ दिवस जेवणाच्या ताटावर खुणांची उजळणी. त्रिकोणातली खूण सावधान करते, लाल वर्तुळातली मनाई करते, निळ्या वर्तुळातली 'असेच करा' म्हणते. ह्या तीन गोष्टी मला सहा वर्षे गाडी चालवूनही माहीत नव्हत्या. लेकीला चौदा आले, मला अकरा.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि पक्क्या परीक्षेला तीस दिवसांनंतर बसता येते. ह्या दिवसांत गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा. शिकाऊ माणसाने मागे कुणालाही बसवायचे नाही. बसायचेच तर परवाना असलेल्या, शिकवणाऱ्या माणसाने. आम्ही दोघीही शिकाऊ, त्यामुळे एकमेकींना बसवून फिरायची सोय नव्हती. आळीपाळीने ह्यांना मागे घेऊन सराव.

शिकवण्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण आईवडिलांची मोठी चूक इथेच होते. सायकल येते म्हणजे गाडी येणारच, असे समजून आपण मुलाला पहिल्याच दिवशी रस्त्यावर काढतो. तोल सायकलवाल्याला येतोच, अडते ते हाताचे. घाबरले की मूठ आवळली जाते आणि गाडी थांबण्याऐवजी उसळते. म्हणून पहिले दोन दिवस ह्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. बाजाराच्या मोकळ्या मैदानात नुसती ढकलत न्यायची, वळवायची, मधल्या स्टँडवर चढवायची. एवढे जड धूड आपल्याला सावरता येते हे अंगाला कळले की निम्मी भीती जाते. तिसऱ्या दिवशी सुरू करून आधी थांबणे शिकायचे, पळवणे नंतर. दोन्ही ब्रेक एकदम पण हळूच; खडीवर, ओल्या शेणावर, सांडलेल्या धान्यावर नुसता पुढचा ब्रेक कधीच दाबायचा नाही. हे शेवटचे वाक्य माझ्या पुतण्याला कुणी सांगितले असते तर!

मग इंडिकेटर, आरसा, उजवीकडे वळताना मागे पाहणे. साइड स्टँड उचलला का हे तोंडाने म्हणायची सवय. अंधार पडल्यावर सराव नाही, कारण आमच्याकडे ट्रॉलीला मागे लाल दिवा असेलच असे नाही. मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट तर लांबच राहिला. मुलींना आणखी एक सांगायचे, ओढणी पाठीमागे सोडायची नाही. कमरेला गाठ मारून नाहीतर पिशवीत ठेवून निघायचे. मागे बसणाऱ्या बायकांनी पदर खोचून मांडीखाली घ्यावा. चाकात कापड गेले की माणूस ओढला जातो, तिथे सावरायला वेळ मिळत नाही.

एक गोष्ट मात्र मला जमली नाही, ती म्हणजे शिकवताना गप्प बसणे. कडेला उभी राहून मी इतकी ओरडायचे की चौथ्या दिवशी लेक गाडी थांबवून रडली. ह्यांनी मला घरी पाठवले. शिकवणारा एकच असावा, आणि तो ज्याचा आवाज चढत नाही तो असावा.

बारावीचा शेवटचा पेपर झाला आणि एप्रिलात आम्ही बुलढाण्याला परीक्षेला गेलो. आठच्या आकड्यातून गाडी काढायची, पाय टेकवायचा नाही. लेक एका दमात निघाली. सहा वर्षांची अनुभवी मी! दुसऱ्या वळणावर माझा पाय टेकला. साहेब म्हणाले, "बाई, सात दिवसांनी पुन्हा या." परतीच्या एस.टी.त लेक हसू दाबून खिडकीबाहेर बघत होती. सात दिवस मी अंगणात चुन्याने आठ काढून फेऱ्या मारल्या, सासूबाई ओट्यावर बसून मोजत होत्या. दुसऱ्या वेळी पास झाले. लेकीचा परवाना ती चाळीस वर्षांची होईपर्यंत चालेल, माझा दहा वर्षे. "म्हातारी झालीस ना," असे ती म्हणते.

पुतण्याला पुन्हा किल्ली मिळालेली नाही. उन्हाळ्यात तो आला तेव्हा खुंटीकडे बघून म्हणाला, "काकू, घरामागच्या शेतात तरी?" मी नाही म्हटले. जाऊ ऐकत होती. ती काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळी तिने मला आपण होऊन चहा आणून दिला.

हेल्मेट आम्ही दोन आणली, आयएसआयचा शिक्का बघून. मागे बसणाऱ्यालाही ते लागते. गेल्या महिन्यात सासूबाईंना डोळे दाखवायला बुलढाण्याला न्यायचे होते, आणि नातीच्या गाडीवर जायची त्यांची फार हौस. पण हेल्मेट म्हटल्यावर बिनसले. "डोक्याले ओझं होते मा, मी नाई घालत." लेक काही बोलली नाही. तिने किल्ली खुंटीला अडकवली आणि अभ्यासाला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा घालायला दार उघडले, तर सासूबाई अंबाडा सोडून, वेणी घालून, हेल्मेट मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेल्या. मला म्हणाल्या, "उठव तिले. उन व्हायच्या आंधी निंगू."