कारवीच्या मधाला हवी वर्षाची मोहोर

सह्याद्रीतील कारवी साधारणतः सात ते आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि बी धरल्यावर वाळून जाते. साहजिकच तिचा मध दरवर्षी निघत नाही. मधल्या वर्षांत महाबळेश्वर परिसरातील मधपाळांच्या पेट्यांमधील सातेरी माश्या जांभूळ, हिरडा अशा इतर फुलोऱ्यांवर अवलंबून असतात. ग्राहकाला मात्र प्रत्येक हंगामात तेच नाव आणि तीच चव हवी असते. संशयाला वाव मिळतो तो इथेच.

नीट साठविलेला मध अनेक वर्षे टिकतो, हे खरे. पण मग बाटलीवर फुलोऱ्याचे वर्ष छापण्यास अडचण कोणती? परागकणांच्या तपासणीतून मध कोणत्या फुलांचा, याचा अंदाज घेता येतो. मधमाशीविषयक केंद्रीय संशोधन संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. गावाला नाव मिळाले; आता बाटलीला ओळख मिळावयास हवी. अन्यथा दुर्मीळतेचे मोल विक्रेत्याच्या पदरी पडेल आणि अस्सल मध काढणारा मधपाळ सामान्य भावावरच राहील.