सत्तावीस लिहायला सांगितलं, पोराने ७२ लिहिले

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? सत्तावीसला 'वीस सात' असंही म्हणायचं, एवढाच मुद्दा. विधानसभेत विनोद झाले, चॅनेलवर आठवडाभर चर्चा रंगल्या. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे कारण सांगत होत्या, ते ऐकायला फारसं कुणाला वेळ नव्हता.

परवा त्याची आठवण झाली ती आमच्या तालुक्यातल्या एका मुलीमुळे. डी.एड. करतेय. (आता त्याला डी.एल.एड. म्हणतात, पण गावात डी.एड.च चालतं.) सरावासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेवर जाते. सहज विचारलं, पोरं शिकतात कशी गं? मला वाटलं, आता पियाजे सुरू होणार. ती म्हणाली, "काका, सत्तावीस लिही म्हटलं तर एकाने ७२ लिहिले. फुली मारायच्या आधी विचारलं, असं का लिहिलंस? तर म्हणतो, सात आधी ऐकू आला ना!"

आता सांगा, पोराचं काय चुकलं? मराठीत एकक आधी बोलतात, दशक नंतर. लिहिताना उलटं. त्यात एकोणतीस म्हटलं की कानावर 'तीस' पडतो, मग काही पोरं ३९ लिहून मोकळी. पोरं वाटेल ते लिहीत नाहीत, जे ऐकलं त्याचा नियम लावतात, असं तिचं मत. तो नियम मास्तरांना कळला पाहिजे. मग तिने खराट्याच्या काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधून घेतले. दोन गठ्ठे, सात सुट्या. बोलायचं, बांधायचं, मग लिहायचं. काहींना दोन दिवसांत जमलं, दोघं-तिघं अजून अडखळतात, हेही तिनेच सांगितलं.

मला हे पटतं. पण हिची नोकरी ठरणार कशावर? टीईटीत १५० प्रश्न, त्यातले ३० बालमानसशास्त्राचे, तेही पर्यायी. मग भरतीसाठी अभियोग्यता चाचणी, २०० प्रश्न १२० मिनिटांत. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. पोराला "असं का लिहिलंस" विचारून उत्तराची वाट बघणारी बाई या चाळणीत दिसणार कुठे? परीक्षा नको असं मी म्हणत नाही, वशिल्यापेक्षा परीक्षा शंभर पटीने बरी. पण सोबत अर्धा तास खऱ्या वर्गात शिकवून दाखवायला काय हरकत आहे?

आणि नोकरी लागल्यावर तरी काय? दोनशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता एकत्र, वर ऑनलाइन माहिती भरा, फोटो पाठवा. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि आकडेमोड करता यावी, यासाठी 'निपुण भारत'ची मुदत २०२६-२७ आहे. काड्यांचे गठ्ठे बांधायला वेळ मिळाला तर ना!

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात. म्हणजे आपणच. तुमच्या गावात शेवटची बैठक कधी झाली आणि कंपाउंड, रंगरंगोटी सोडून पोरांच्या वह्यांवर कुणी एक शब्द तरी बोललं का, ते खाली लिहा. गावाच्या नावासकट लिहा.