दुरुस्तीचे शिक्षण कुणाच्या खर्चाने?

जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुरात महाड बुडाले. पाणी ओसरल्यावर घरोघरी, दुकानोदुकानी चिखलाने भरलेल्या मोटारी, पंप, फ्रीज उरले. दुरुस्ती जाणणाऱ्याचे मोल तेव्हा सगळ्यांना कळले. महाड एमआयडीसीतले रासायनिक कारखाने तर रोजच पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर, बॉयलर यांच्या जिवावर चालतात. तरीही आयटीआयनंतरचे जादा प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र यांचे पैसे पोलादपूरच्या डोंगरवाडीतल्या मुलाच्या बापाने कर्ज काढून भरायचे, हे आम्हाला साफ नामंजूर आहे.

ज्याचे यंत्र, त्याचा खर्च. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. विद्यावेतनात केंद्राचाही वाटा असतो. शिकून मुलगा दुसरीकडे जाईल, ही मालकांची भीती खोटी नाही. म्हणूनच एकेकट्याने नव्हे, वसाहतीतल्या सर्व कारखान्यांनी मिळून निधी उभारावा आणि परीक्षेचे शुल्कही त्यातूनच भरावे. मोटार वायंडिंगच्या छोट्या दुकानदाराला हा भार पेलणार नाही. त्याचा हिस्सा राज्य सरकारने द्यावा.