हप्ता कशातून भरणार?

बँकेत मी तीसहून अधिक वर्षे काढली. त्यांतली बरीचशी कर्जविभागात. त्या काळी स्कूटरसाठी कर्ज मागणाऱ्या तरुणाला जामीनदार आणावे लागत, पगाराचा दाखला द्यावा लागे आणि माझ्यासारख्या रुक्ष अधिकाऱ्याच्या ‘हप्ता कशातून भरणार?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागे. ही पद्धत जाचक होती, गरिबाला तर ती सावकाराच्या दारात ढकलत असे. तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण तो प्रश्न विचारला जाई. आज मोबाइलवर काही मिनिटांत कर्ज मिळते आणि प्रश्न विचारणारा माणूसच मधून नाहीसा झाला आहे.

तरुण पिढी उधळी झाली, हा निष्कर्ष आमच्या वयाच्या लोकांना फार आवडतो. मला तो पटत नाही. घाई देणाऱ्यांनाही होती. म्हणून तर नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांचा जोखीमभार 100 वरून 125 टक्क्यांवर नेला.

माझा भाचा हिंजवडीत नोकरीला लागला. पगार हातात 38 हजार, वर्षभरात हप्ते 17 हजारांचे. त्यांतल्या एका कर्जाबद्दल तो म्हणाला, ‘‘मामा, व्याज फक्त दीड टक्का आहे.’’ ‘‘महिन्याला की वर्षाला?’’ ‘‘महिन्याला.’’ कागद मागवून हिशेब मांडला. 60 हजारांवर वर्षभराचे 10,800 रुपये व्याज सुरुवातीलाच धरून 5,900 रुपयांचे 12 हप्ते पाडले होते. मुद्दल दरमहा फिटत जाते, व्याज मात्र पूर्ण 60 हजारांवर! खरा दर पडतो वर्षाला 32 टक्क्यांच्या आसपास. मुलगा इंजिनिअर आहे. गणित त्याला माझ्यापेक्षा बरे येते. ते इथे वापरायचे असते, एवढेच त्याला कुणी सांगितले नव्हते.

ऑक्टोबर 2024 पासून अशा किरकोळ कर्जांसोबत ठळक तपशिलाचे एक पत्रक देणे बंधनकारक आहे आणि त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर छापावा लागतो. सही करण्याआधी तो एक आकडा शोधायला मुलांना शिकवावे. क्रेडिट कार्डावर ‘किमान रक्कम’ भरली की भागले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उरलेल्या बाकीवर वर्षाला 40 टक्क्यांच्या घरात व्याज लागू शकते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

पण हे शिकवायचे कुणी? आमच्या मध्यमवर्गीय घरांत पैशाचे बोलणे मुले झोपल्यावर होते. वडिलांचा पगार, आईने मोडलेली ठेव, घराचे कर्ज यांतले मुलांना काही ठाऊक नसते, आणि मग पहिल्या पगाराला आपण ‘जपून खर्च कर’ म्हणतो. माझ्या मते उपदेशापेक्षा घरातले कागद दाखवावेत. विजेचे बिल, सोसायटीचा देखभालखर्च, विम्याचा हप्ता सहा महिने मुलालाच भरू द्यावा. लाज वाटते ती आपल्याला. मुले निमूटपणे आकडे वाचतात.

माझ्या मेव्हण्यांनी अखेर गृहकर्जाचे विवरण मुलापुढे ठेवले. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला, तेव्हा त्यांच्या बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली होती. ते पत्र त्यांनी वाचलेच नव्हते. भाच्याने शेवटच्या हप्त्याची तारीख काढली आणि विचारले, ‘‘बाबा, तुम्ही निवृत्त कधी होणार?’’ दोन तारखांमध्ये चार वर्षांचे अंतर होते. पुढच्या सोमवारी दोघे मिळून बँकेत गेले.