शिवळ तुटली म्हणून बैल विकू नका



सोयाबीन निघाले आहे, रान मोकळे झाले आहे, वाफसाही छान आला आहे. हरभरा पेरायचा म्हणून तुम्ही सकाळी ट्रॅक्टर चालू करता. इंजिन नेहमीसारखे बोलते, पण लिफ्टचा लिव्हर वर ओढला तरी मागचा रोटाव्हेटर जमीन सोडत नाही. अशा वेळी जीव कसा कासावीस होतो, ते वेगळे सांगायला नको. वाफसा काही आपल्यासाठी थांबत नाही.

आमच्या मेहुण्यांवर हीच पाळी आली होती. त्यांचा ट्रॅक्टर लहान, द्राक्षबागेत चालतो तसला. आदल्या दिवशी लिफ्ट उचलताना थोडा खडखडाट झाला, दुसऱ्या दिवशी लिफ्ट बसली ती बसलीच. तालुक्याहून मिस्त्री आला. त्याने झाकणसुद्धा नीट न उघडता सांगितले, "पंप गेला, नवा टाका." उसनवारी करून नवा पंप आणला. अर्धा दिवस लिफ्ट चालली आणि पुन्हा तीच गत. पैसा गेला आणि वाफसाही गेला.

दिवाळीला मी तिथे गेलो, तेव्हा पंपाजवळचे पत्र्याचे झाकण काढून पाहिले. पंप उत्तम होता. इंजिनाची ताकद पंपाकडे नेणारे कपलिंग आतून पार घासून गेले होते. त्याचे दाते उरलेच नव्हते. बहीण जवळच उभी होती. ती म्हणाली, "दादा, दोन महिने झाले, इथे खाली लालसर भुकटी साचत होती. मी दर वेळी फडक्याने पुसून घेत होते." तो लालसर भुगा म्हणजे झिजणाऱ्या दात्यांचे लोखंड होते. यंत्र दोन महिने सांगत होते, पण त्याची भाषा घरात कुणाला ठाऊक नव्हती. आज तीच थोडी समजून घेऊ.

लिफ्टचे काम असे चालते. इंजिन पंप फिरवते. पंप टाकीतले तेल ओढून दाबाने पुढे ढकलतो आणि ते तेल लिफ्टचा दट्ट्या उचलते. इंजिन आणि पंप यांना जोडणारा दुवा कुठे दात्यांचे कपलिंग असतो, कुठे गिअर, तर कुठे निमुळत्या दांड्यावर बसवलेली चाकी आणि तिची चावी. बैल धडधाकट आहे, गाडीही चांगली आहे, पण जुवाची शिवळ तुटली तर गाडी चालेल का? आणि शिवळ तुटली म्हणून कुणी बैल विकतो का? पंपाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

म्हणून लिफ्ट बसली की पुढील क्रमानेच तपासा. स्वस्तातली गोष्ट आधी, महागाची शेवटी.

पहिले तेल. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा, अवजार खाली टेकवा आणि तेलाची पट्टी पाहा. तेल कमी असेल तर ते गेले कुठे, ते शोधा. बाहेर कुठेच गळती नाही आणि तरीही तेल घटते आहे, तर इंजिनाच्या तेलाचीही पट्टी पाहा. इंजिनाच्या गिअरवर बसवलेल्या पंपाचे सील फाटले की हायड्रॉलिकचे तेल गुपचूप इंजिनात उतरते. इंजिनाचे तेल आपोआप वाढलेले दिसले तर ट्रॅक्टर चालवू नका. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. फेस दिसला तर कुठूनतरी हवा ओढली जाते आहे.

दुसरी गाळणी आणि तेल ओढणारी नळी. गाळणी चोंदली किंवा नळीची पट्टी ढिली पडली की पंप उपाशी राहतो आणि किंचाळल्यासारखा आवाज करतो. अशा वेळी पंप फिरत असतो, त्याला तेल मिळत नसते.

तिसरी परीक्षा कानाची. अवजार जोडलेले असताना लिव्हर वर ओढा आणि ऐका. पंप तेल देत असेल आणि पुढे कुठे अडले असेल, तर इंजिनाचा आवाज जड होतो, कधी बारीक शीळ ऐकू येते. इंजिनाच्या आवाजात काडीचाही फरक पडला नाही, तर दाब तयारच होत नाही असे समजा. ज्या यंत्रात स्टिअरिंगही त्याच पंपावर चालते, तिथे स्टिअरिंगही त्याच क्षणी जड झाले का, ते आठवा. दोन्ही एकाच वेळी गेली तर पंपाला फिरवणाऱ्या दुव्याचा संशय पक्का धरा. याउलट, थंड असताना लिफ्ट चांगली उचलते आणि तेल तापले की हळूहळू दम सोडते, तर पंप आतून झिजला असण्याचा संभव जास्त.

चौथी तपासणी दुव्याची. इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला, मगच झाकण काढा. कपलिंग हाताने हलवून पाहा. हाताला ठळक ढिलाई लागली, लाल भुकटी दिसली, पंपाचे पाय ढिले सापडले, तर चोर सापडला. दुवा इंजिनाच्या आत असेल तर मिस्त्रीला सांगा, "आधी पंप फिरतो का ते दाखव." तो पंपाची पुढची नळी ढिली करील, खाली डबा धरील, इंजिन सुरू होऊ न देता स्टार्टर दोन-तीन सेकंद फिरवील. तेल आले तर पंप फिरतो आहे आणि दोष पुढे आहे. टाकीत तेल आहे, गाळणी साफ आहे, तरीही थेंब येत नाही, तर पंप खोलून दुवा पाहायचा.

पंप खोलला की त्याचा दांडा हाताने फिरवा. सगळीकडे सारखा, थोडा जड फिरला तर ठीक. अडकला, खरखरला, तर पंप आतून जाम होऊन त्यानेच दुवा तोडला आहे. मग नुसते कपलिंग बदलून भागणार नाही, तेही तुटेल. तुटले काय, एवढे पाहून थांबू नका. का तुटले, ते पाहा. मेहुण्यांच्या ट्रॅक्टरला पंपाचे बोल्ट ढिले होते. त्यामुळे दोन दांडे एका रेषेत नव्हते, शिवाय दात्यांना ग्रीस कधी लागलेच नव्हते. नव्या पंपाने हे दोष कसे जातील? जुना निर्दोष पंप आजही त्यांच्या गोठ्यातल्या कोनाड्यात फडक्यात बांधून पडला आहे.

जोडणी करतानाची पथ्ये थोडी आहेत, पण ती पाळावीत. कपलिंग हातोडीने ठोकून बसवू नका, तो मार पंपाच्या आतल्या भागांना बसतो. निमुळता दांडा आणि चाकीचे भोक स्वच्छ, कोरडे पुसून घ्या. ताकद त्या घट्ट बसण्यातून जाते, चावी नुसती जागा धरते. म्हणून नट ढिला राहिला की नवी चावीही कापली जाते. नवा पंप घेताना फिरण्याची दिशा जुन्याशी जुळवा. बसवण्यापूर्वी त्यात स्वच्छ तेल ओता. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. आत दाते तुटले असतील तर लोखंडाचा कण न् कण धुऊन काढा, तेल आणि गाळणी बदला. मग इंजिन मंद ठेवून, अवजार न जोडता लिफ्ट दहा-बारा वेळा वर-खाली करा आणि तेल पुन्हा पाहा.

जिवाचीही काळजी घ्या. उचललेल्या अवजाराखाली कुणीही, क्षणभरही शिरू नये. मुलांना लांब ठेवा. पदर, धोतर, उपरणे फिरत्या भागाजवळ नको. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात साधारण १ ते दीड किलो हवा असते. लिफ्टच्या तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला १५० किलोच्या घरात किंवा त्याहूनही जास्त असतो. केसाएवढ्या छिद्रातून उडालेले तेल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका, तडक मोठा दवाखाना गाठा आणि "दाबाचे तेल हातात घुसले" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

शेवटी घरातल्या माणसांसाठी एक सांगणे. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागची चार पाने ट्रॅक्टरसाठी ठेवा. तेल कधी बदलले, बोल्ट कधी आवळले, कुठला नवा आवाज ऐकू आला, हे शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहून ठेवावे. आणि भगिनींनो, यंत्र पुसताना फडक्याला लाल भुकटी लागली, तर फडके झटकून टाकण्यापूर्वी ते घरधन्याला दाखवा. माझी बहीण आता तसेच करते.