अंगणातले बर्गर आणि गरम पोळीचा हट्ट

माझं एक मत आहे आणि ते वाचून आमच्याकडच्या काकू-मावश्या रागावणार. घरी पन्नास माणसं जेवायला येणार असली की "तव्यावरची गरम पोळीच हवी" हा हट्ट सोडायला हवा. कारण ती पोळी करायला तव्याजवळ कुणीतरी उभं असतं. आमच्या घरी गेली कित्येक वर्षं मोठ्या जाऊबाई उभ्या असतात. त्यांना पंगतीत बसून जेवताना मी पाहिलेलं नाही.

आमचं घर वसमतजवळच्या एका गावात. हळदीचा मुलूख, त्यामुळे शिजवलेली हळद वाळत घालायला अंगण ऐसपैस. मे महिन्यात हळद उचलली गेली की तेच अंगण पाहुण्यांसाठी मोकळं. गेल्या मे महिन्यात पुण्याला शिकणारा पुतण्या म्हणाला, "काकू, या वेळी बर्गर करू." मी लगेच हो म्हटलं. हौस त्याची होती, कावा माझा :)

सासूबाईंचं म्हणणं, आदल्या दिवशी केलेलं म्हणजे शिळं. त्यांना हसू नये. 2024 च्या फेब्रुवारीत, एकादशीच्या दिवशी, शेजारच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत भगर-आमटीचा प्रसाद खाऊन दोन हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली होती. तेव्हापासून सामूहिक जेवण म्हटलं की आमच्याकडे सगळे जरा बिचकतातच. त्यात आमचा उन्हाळा! बटाट्याची भाजी सकाळी केली तर दुपारी आंबते.

पण आदल्या दिवशी तयारी करणं वेगळं आणि शिजवलेलं उघड्यावर ठेवणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम साधा आहे: शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये; ठेवायचंच तर 60 अंशांच्या वर गरम किंवा 5 अंशांच्या खाली गार. आणि आदल्या दिवशी करणं आपल्याला नवीन कुठंय? लातूर-धाराशिवकडे येळवशीची आंबील आदल्या दिवशीच करतात. प्रवासाला दशम्या, धपाटे कोण ताजे करून नेतं?

तर आम्ही काय केलं... सहा किलो बटाटे आदल्या संध्याकाळी सालासकट उकडले, परातीत पसरून पंख्याखाली गार केले आणि फ्रिजमध्ये टाकले. रात्रभर गार झालेला बटाटा चिकट राहत नाही, छान किसला जातो, टिक्की फुटत नाही. (हे मला आधी कळलं असतं तर किती टिक्क्या वाचल्या असत्या!) सकाळी त्यात वाफवलेले मटार, मिरची-आलं, बांधायला पोह्याचा भुगा. कच्चा कांदा अजिबात नाही, त्याला पाणी सुटतं. नव्वद टिक्क्या थापून ताटांत लावल्या. निम्म्या आमच्या फ्रिजमध्ये, निम्म्या शेजारी. दिवसभर फ्रिज उगाच उघडायचा नाही अशी पोरांना तंबी. लाइट जायची भीती होतीच, पण त्या दिवशी कृपा झाली.

संध्याकाळी साडेपाचला तळायला घेतल्या आणि तळतील तशा झाकणाच्या डब्यात. सातला पाहुणे आले तेव्हा स्वयंपाकघर पुसून झालं होतं. अंगणात मोठा तवा मांडून पुतण्या आणि त्याचे मित्र पाव लोण्यावर भाजत होते, टिक्की पुन्हा कडकडीत गरम करून, वर शेंगदाण्याची चटणी, कांदा, टोमॅटो घालून हातात देत होते. वीस बर्गर मी शहाणपणा करून आधीच जोडून ठेवले होते. त्यांचे पाव ओले होऊन लगदा झाला. ते मुकाट्याने घरच्यांनी खाल्ले. मामंजींनी पाव बाजूला सारला आणि टिक्की भाकरीबरोबर खाल्ली, असो.

जाऊबाई सवयीने दोनदा उठल्या. "अगं, कुणाला काय हवं बघते." मी हात धरून खाटेवर बसवलं. "ताई, आज पोरं बघतील." मग त्या बसल्या. माहेरच्या बहिणीशी गप्पा मारत दोन बर्गर खाल्ले, चटणी पदरावर सांडली, आणि तिसरा मागितला तेव्हा टिक्क्या संपल्या होत्या.